पुस्तकातला पैसा आणि आपल्या घाटावरचा पैसा : कुठून वाचायला सुरुवात करायची?



मागच्या आठवड्यात इतवाऱ्यातला एक भाऊ भेटला. नव्या जाळ्यांसाठी आणि डोंग्याच्या दुरुस्तीसाठी त्याने एक लाखाचं कर्ज काढलं. "महिन्याला फक्त एक टक्का ब्याज" असं सांगून कागद पुढे केले, त्याने अंगठ्यासारखी सही ठोकली. आता म्हणतो, "दादा, हप्ते भरतोय पण ब्याज उतरतच नाही. बँकेचं हे सगळं समजून घ्यायला काही पुस्तक आहे का?"

प्रश्न चांगला आहे, म्हणून उत्तर सगळ्यांसाठी लिहितोय. पुस्तकं आहेत, सोपी आहेत आणि अवघडही आहेत. पण आधी त्या भावाचा हिशोब बघू.

एक टक्का म्हणजे किती?

1 लाख रुपये, 24 महिने, महिन्याला 1 टक्का "फ्लॅट". म्हणजे ब्याज 24,000. एकूण 1,24,000 भागिले 24, हप्ता साधारण 5,167 रुपये. वरवर ठीक वाटतं. पण गंमत अशी की आपण दर महिन्याला मुद्दलही फेडत असतो. वर्षभराने अंगावर जेमतेम अर्धी रक्कम उरलेली असते, तरी ब्याज पूर्ण लाखावरच चालू राहतं. खरा दर काढला तर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो.

तेच कर्ज 12 टक्क्यांनी पण "घटत्या शिलकेवर" असतं, तर दोन वर्षांचं ब्याज साधारण 13,000 झालं असतं. एका शब्दाने 11,000 रुपये गेले. दोन चांगली जाळी आली असती.

1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँक असो की फायनान्स कंपनी, घरगुती आणि लहान धंद्याच्या कर्जाला सही करण्याआधी ग्राहकाला एक सोपा तक्ता द्यावा लागतो. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. आपल्याकडे हिंदीत त्याला "मुख्य तथ्य विवरण" म्हणतात. तो मागा. तो हातात आल्याशिवाय सही करू नका.

बिनब्याजी उचलीचं ब्याज

कोणी म्हणेल, आम्ही बँकेत जातच नाही, व्यापाऱ्याकडून उचल घेतो, तिला ब्याज नाही. समजा 20,000 ची उचल घेतली आणि बदल्यात सगळी मासळी त्यालाच, किलोला 10 रुपये कमी दराने द्यायची ठरली. आपल्याकडे 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद. उरलेल्या दहा महिन्यांत 200 दिवस, रोज 10 किलो धरले तर 2,000 किलो झाले. 10 रुपयांप्रमाणे 20,000 गेले. आणि उचल अजून अंगावर तशीच! कागदावर ब्याज शून्य, खरं ब्याज शंभर टक्के. व्यापारी वाईटच असतो असं नाही, अडीनडीला तोच उभा राहतो. पण किंमत काय मोजतोय ते आपल्याला माहीत हवं.

आपलं गाव या विषयात जुनं आहे

बँका, हुंडी, परदेशी व्यापार म्हटलं की आपल्याला मुंबई आठवते. पण 17 व्या शतकात आपलं बुऱ्हाणपूर या धंद्याचं मोठं नाकं होतं. तापीच्या काठाने सुरतेला जाणारा माल इथून जायचा. ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या इथे येऊन गेला. त्याचं प्रवासाचं पुस्तक 1676 मध्ये छापलं गेलं. इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जातं असं त्याने लिहिलंय.

त्याच पुस्तकात त्याने हुंडीचे दर दिलेत. सुरतेवर हुंडी काढायची तर अहमदाबादेत 1 ते दीड टक्का, बुऱ्हाणपुरात अडीच ते 3, आग्र्याला सव्वाचार ते 5, लाहोरला सव्वासहा टक्क्यांपर्यंत. जितका रस्ता लांब, तितका दर जास्त. कारण वाटेत माल लुटला गेला तर पैसे देणाऱ्याचं बुडायचं. म्हणजे ब्याजात दोन गोष्टी असतात, एक वेळेची किंमत आणि दुसरी धोक्याची. अर्थशास्त्राच्या जाड पुस्तकातला अर्धा धडा इथेच संपतो.

आता स्वतःला विचारा. कर्ज देणारा आपल्याकडून धोक्याची किंमत घेतो, पण डोंगा पुरात गेला तर धोका कोणाचा? पूर्ण आपलाच. तेव्हा विमा आहे का, प्रीमियम कोण भरणार, हेही सहीआधीच विचारायचं.

मग वाचायचं काय?

*पहिली पायरी, फुकटची.* रिझर्व्ह बँकेने सामान्य माणसासाठी पुस्तिका काढल्यात. "फेम" नावाच्या पुस्तिकेत बचत, कर्ज, ब्याज, तक्रार कुठे करायची हे थोडक्यात आहे. "राजू आणि चाळीस चोर" ही चित्रांची पुस्तिका फोनवरच्या फसवणुकीबद्दल आहे, ओटीपी, खोट्या लिंका, लॉटरी वगैरे. घरातली शिकणारी मुलं असतील तर त्यांना मोठ्याने वाचायला लावा, आजीलाही समजेल.

*दुसरी पायरी, ओळखीची पुस्तकं.* अच्युत गोडबोले यांचं "अर्थात" मराठीत आहे. अर्थशास्त्र कसं घडत गेलं ते गोष्टीसारखं सांगितलंय. गिरीश कुबेर यांचं "हा तेल नावाचा इतिहास आहे" वाचा, म्हणजे इंजिनात घालतो त्या तेलाचा दर दूरच्या देशातल्या भांडणाने का वाढतो ते कळेल. नायलॉनचं जाळंही तेलापासूनच बनतं, हे विसरू नका. आणि मराठीत हा विषय नवा नाही. लोकहितवादींनी "लक्ष्मीज्ञान" 1849 सालीच लिहिलं होतं.

*तिसरी पायरी, जाणकारांची.* डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा "रुपयाचा प्रश्न" हा इंग्रजी ग्रंथ 1923 मध्ये लंडनला निघाला. जड आहे, पण मुद्दा आपल्या ताटातला आहे. रुपयाने देशात किती वस्तू मिळतात ते स्थिर राहिलं पाहिजे, नाहीतर महागाईत कष्टकरी आधी भरडला जातो, असं ते सांगतात. चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. त्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि 1 एप्रिल 1935 ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. तिचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, 1943 साली, महाडजवळच्या मातीतले. कॉलेजात वाणिज्य शिकणारी आपली पोरं असतील तर ही पायरी त्यांच्यासाठी.

जगाचा व्यापार आपल्याला कशाला, असंही कोणी म्हणेल. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के कर लावला. भारतीय कोळंबीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिकाच. लगेच आंध्रातल्या तळेवाल्यांना कमी दर सांगितले गेले. कर लागला तिकडे, रात्रीची झोप गेली इकडे.

पण सगळ्यात आधी ही तीन "पुस्तकं"

1. पासबुक. महिन्यातून एकदा भरून घ्या. कोणती रक्कम कशाला कापली ते विचारा.
2. किसान क्रेडिट कार्ड. 2018-19 पासून मासेमारीलाही मिळतं. या कामासाठी 2 लाखांपर्यंतच्या कर्जाला 7 टक्के ब्याज, वेळेत फेडलं तर 3 टक्के सूट, म्हणजे हातात 4 टक्के. लाखाला वर्षाचे 4,000. वरच्या 24,000 शी ताडून बघा. फेडीची तारीख बंदीच्या महिन्यांत येत असेल तर आधीच शाखेत बोला, कारण तारीख चुकली की सूट गेली.
3. ठेवीची पावती. बँक बुडाली तर एका माणसाला एका बँकेत 5 लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकेतही. पण पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. पावतीवर "बँक" लिहिलंय की "पतसंस्था", आजच बघा.

त्या भावाला आम्ही एवढंच सांगितलं की कर्जाचा कागद घेऊन ये, मुदतीआधी फेडलं तर किती दंड आहे ते आधी वाचू. दंड कमी असेल तर क्रेडिट कार्डाचा अर्ज करून ते काम मार्गी लावू. तुमच्याही घरात असा कागद पेटीत पडला असेल. बंदीचे दिवस येतातच आहेत. जाळी विणायला बसाल तेव्हा तो कागदही बाहेर काढा. वाचता येत नसेल तर लाजू नका, घेऊन या. सोबत बसून वाचू.

पोस्ट घरातल्या ताई-माईंनाही दाखवा, घराचा हिशोब त्यांच्याच हातात असतो. 🙏