फुग्याच्या बाहीचे पोलके

दरवर्षी स्नेहसंमेलनात पारंपरिक वेशभूषेचा एक दिवस असतो आणि त्या दिवशी आपल्या महाविद्यालयाच्या आवारात नऊवारी साड्यांची नुसती गर्दी उसळते. बहुतेक साड्या भाड्याने आणलेल्या, आधीच शिवलेल्या, पायजम्यासारख्या पायांत चढवायच्या. त्यांवरचे ब्लाउज मात्र मागे झिप लावलेले, पाठीवर खिडकी कापलेले. नाकात नथ असते, केसांत गजरा असतो, तरीही एकूण चित्र १९४० सालचे न वाटता मागल्या महिन्यातल्या एखाद्या लग्नातले वाटते. असे का होते, हा प्रश्न मला गृहअर्थशास्त्राच्या तासाला पडला. त्याचे उत्तर शोधता शोधता मी घरी तीन पोलकी शिवली. त्या खटाटोपातून जे हाती लागले ते मैत्रिणींपुढे (आणि सुईदोऱ्याची लाज न वाटणाऱ्या मित्रांपुढेही) ठेवत आहे.

माझ्या मते कपड्याचा जुनेपणा त्याच्या बेतात असतो. काठ, लेस, मोती हे सारे वरचे. बेत चुकला की कितीही दागिने घाला, काळ जुळत नाही.

आपल्याकडची जुनी चोळी पुढे गाठ मारायची असे आणि ती खणाची असे. खण म्हटला की आपल्याला ओटी आठवते, पण मुळात ते चोळीचे कापड. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्डचे खण आजही प्रसिद्ध आहेत. या कापडाचा पन्हा अरुंद. त्यामुळे बेतणारीला सरळ कडांचे तुकडे काढावे लागत आणि चिंधी फारशी उरतच नसे. सरळ बाही सरळ पाठीला जोडली तर हात वर करताच सगळी चोळी वर ओढली जाते. म्हणून काखेत एक छोटा चौकोनी तुकडा बसवत. तो अंगावर उरेब पडतो, आणि उरेब कापड थोडे ताणते हे पट्टी लावणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. एवढ्याशा तुकड्यामुळे चोळी अंगाला घट्ट बसूनही दळण-कांडण, पाणी भरणे, सारे करता येई. मला तरी ही युक्ती आजच्या कितीतरी ‘फिटिंग’पेक्षा हुशारीची वाटते.

पुढे चोळीचे पोलके झाले, पोलक्याचे झंपर झाले आणि झंपराचा ब्लाउज. फुग्याची बाही ही त्या मधल्या काळातली. पाश्चात्त्य देशांतही १९३० नंतर तिचे वेड होते. १९३२ सालच्या ‘लेटी लिंटन’ या अमेरिकन चित्रपटात जोन क्रॉफर्डच्या पांढऱ्या पोशाखाला वेशभूषाकार एड्रियन याने खांद्यावर ज्या प्रचंड झालरी लावल्या, त्यांची चर्चा अजून होते. आपल्या घरच्या जुन्या फोटोंत ज्या बायका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या असतात, त्यांच्या बाह्या पाहा. तोच फुगा, जरा मर्यादशीर.

मात्र एका बाबतीत आपण आणि ते लोक सारखे नाही. अमेरिकेत एबेनेझर बटरिक याने १८६३ पासून मापानुसार कापलेले कागदी नमुने विकायला सुरुवात केली. असे नमुने पाकिटांतून घरोघरी गेले, आणि म्हणून तिकडे आज एखादीला १९४० चा फ्रॉक शिवायचा असेल तर त्या काळचा कागद तिला मिळू शकतो. आपल्याकडे बेत राहिला तो शिंप्याच्या हातात नाहीतर एखाद्या मावशीच्या डोक्यात. मावशी गेली की बेत गेला. उरतो तो प्रत्यक्ष कपडा. आणि जुन्या कपड्याचे आपण काय करतो? दारी भांडेवाली आली की चार पोलकी आणि दोन लुगडी देऊन स्टीलचे पातेले घेतो. पातेल्याशी माझे वैर नाही, पण त्या गाठोड्यात काय गेले हे एकदा तरी पाहायला हवे.

आमच्या महालातल्या घरी अशाच एका गाठोड्यातून मी पणजीचे एक पोलके मागून घेतले. आजीचा जन्म १९४२ चा, म्हणजे पोलके त्याच सुमाराचे. फिकट निळे, सुती, बाहीला फुगा. ते उलटे करून उजेडात धरले तेव्हा खरी गंमत कळली. दोन्ही कुशींना आत बोट-बोटभर कापड दुमडलेले होते आणि त्यावर सुईच्या भोकांच्या दोन जुन्या रांगा होत्या. म्हणजे ते दोनदा उसवून सैल केलेले. दुमडीतला रंग गडद निळा होता, कारण त्याला ऊन लागलेच नव्हते. डाव्या काखेतला तुकडा दुसऱ्याच, पांढऱ्या कापडाचा. युद्धाचे दिवस होते. १९४३ मध्ये सरकारने कापडावर नियंत्रण आणले होते, आणि ज्या नागपुरात १८७७ पासून एम्प्रेस मिल चालत होती तिथेही आमच्या घरी कापड जपून वापरत. आजीला मी विचारले की बटणे पुढे का. ती म्हणाली, “अगं, पदरी मूल असायचं ना. मीच होते त्यात!”

असा कपडा उसवायचा नाही. त्याचा कागद काढायचा. त्याची रीत सोपी आहे. जमिनीवर गोधडी घडी करून पसरा, तिच्यावर वर्तमानपत्र, त्यावर पोलक्याचा एकच भाग सपाट करून ठेवा. कापडाचा उभा धागा कागदाच्या कडेला समांतर हवा. ताणा वाकडा गेला तर पुढचे सगळे वाकडे. मग शिवणीवरून अर्ध्या-अर्ध्या इंचावर टाचणी आरपार टोचत जा. कपडा उचलला की कागदावर ठिपक्यांची रांग दिसते, ती पेन्सिलीने जोडा आणि बाहेर शिवणीसाठी अर्धा इंच वाढवा. कुशीला मात्र सढळ हाताने इंचभर ठेवा. पणजीने का ठेवले होते ते वर सांगितलेच.

बाहीचे प्रकरण जरा निगुतीचे आहे. साध्या बाहीच्या कागदाच्या चार-पाच उभ्या पट्ट्या कापा. खाली दंडाशी त्या जवळजवळ ठेवून वर पंख्यासारख्या पसरा, इतक्या की वरची रुंदी दीडपट होईल. मधोमध गोलाईची उंचीही दीड इंच वाढवा, नाहीतर फुगा उभा न राहता आडवा पसरतो. वरच्या कडेला लांब टाक्यांचे दोन धावदोरे घाला आणि दोन्ही दोरे एकदम ओढून चुण्या आणा. आता खरी खुबी. हल्ली चुण्या साऱ्या मुंढ्याभर वाटतात, त्यामुळे बाही भोपळ्यासारखी दिसते. पणजीच्या पोलक्यात त्या खांद्याच्या माथ्यावर फक्त चार बोटांत कोंबलेल्या होत्या, बाकी बाही सपाट. शिवाय खांदा आजच्यापेक्षा अर्धा इंच आखूड. खांद्याचे हाड त्या फुग्याला खालून टेकू देते. हे दोन फरक केले आणि माझ्या दुसऱ्या पोलक्याला एकदम त्या फोटोतली ऐट आली.

कापडाबद्दल थोडेसेच. सॅटिनचा फुगा लोळतो, मलमलचा बसतो. केंब्रिक किंवा पॉपलिन घ्या. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा अस्तराशिवायचे सुती पोलके म्हणजे काय सुख आहे, हे वेगळे सांगायला नको. गांधीबागेत कटपीस स्वस्तात मिळतात. बेतण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवा. आटायचे ते आधीच आटू दे.

त्यावर काय नेसावे, हे ज्याच्या-त्याच्या आवडीवर. मला करवतकाठी साडी फार शोभते असे वाटते. आपल्या विदर्भाचीच ती, टसरचे अंग आणि काठाला करवतीचे दाते. एवढे भरगच्च काठ असताना पोलके एकरंगी आणि गळा लहान असावा. दागिना एकच. नथ, ठुशी, वाकी, चंद्रकोर सगळे एकदम घातले की माणूस नाटकातले पात्र दिसते. केसांचा साधा अंबाडा पुरतो.

आणि तो कागद फेकू नका. पुठ्ठ्यावर चिकटवा, त्यावर कपडा कोणाचा, कोणत्या साली, छातीचे माप किती आणि फुगा किती इंचाचा हे लिहून ठेवा. माझ्या कागदावर ‘छाती ३०, मग ३२, मग ३४’ असे लिहिले आहे. माझे स्वतःचे माप ३२ येते, म्हणून मी मधल्या भोकांच्या रांगेवर बेतले. ज्या कोणाला हा कागद उतरवून घ्यायचा असेल तिने मधल्या सुटीत भेटावे. वर्तमानपत्र आणि टाचण्या स्वतःच्या आणाव्यात.