पाणी गेलं कुठे?

कुर्ल्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीतळांवरून 2023 च्या ऑक्टोबरअखेर कायमची गेली. तरी घरची जुनी गाडी म्हणून ती जिवापाड जपणारे लोक आजही आहेत. त्यांच्यापैकी कुणालाही विचारा, तक्रार ठरलेली असते. गाडी तापते आणि पाणी खाते. बहुतेकांनी त्यावर उपायही ठरवून टाकलेला असतो: डिकीत पाण्याचा कॅन ठेवायचा आणि घाटात निम्म्यावर थांबून ओतायचा. मला हे पटत नाही. इंजिनाला पाण्याने गार करण्याची ही व्यवस्था बंदिस्त आहे. ती धडधाकट असेल तर महिनोन्‌महिने पाणी घालावं लागत नाही. एक लिटर कमी झालं, तर ते लिटर कुठून तरी बाहेर गेलं आहे. तो रस्ता शोधणं हेच खरं काम, आणि चांगल्या मेस्त्रीची पारख इथेच होते.

पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते तिचा साधारण एक तृतीयांश भाग उष्णता होऊन पाण्यात उतरतो. पंप, म्हणजे गॅरेजच्या भाषेत वॉटर बॉडी, ते पाणी ब्लॉकमध्ये ढकलतो. तिथून ते हेडमध्ये चढतं, थर्मोस्टॅट ओलांडून वरच्या होज पाइपाने रेडिएटरमध्ये येतं, जाळीतून उतरताना वारा लागून निवतं आणि खालच्या होजने परत पंपाकडे जातं. पंप, त्याच्यावरचा पंखा आणि डायनॅमो ही तिन्ही एकाच पट्ट्यावर चालतात. म्हणून चार्जिंगचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ तापमानाचा काटा चढू लागला, तर आधी फॅन बेल्ट बघावा.

जाणता मेस्त्री बॉनेट उघडण्याआधी एक प्रश्न विचारतो: तापते कधी? सिग्नलला उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, तर वारा कमी पडतो आहे. पट्टा ढिला असेल, नाहीतर जाळीच्या पाकळ्यांत धूळ आणि किडे भरले असतील. गावात नीट चालते पण खंडाळ्याच्या चढाला तापते, तर वारा आहे, पाणी पुरेसं फिरत नाही. जाळीच्या नळ्या आतून क्षारांनी अरुंद झाल्या असतील, किंवा खालचा होज इतका मऊ पडला असेल की पंपाच्या ओढीने चपटा होतो. तो चपटा झालेला बघायचा तर गाडी तापल्यावर कुणीतरी अ‍ॅक्सिलरेटर दाबायला हवा. उभ्या गार गाडीत तो ठणठणीत दिसतो. सुरू केल्यावर चार-पाच मिनिटांतच तापते, पण रेडिएटर आणि खालचा होज गारच राहतात, तर संशय थर्मोस्टॅटवर. आणि काटा वर जाऊन एकाएकी शून्याकडे कोसळला, तर हायसं वाटून घेऊ नये. बहुधा सेन्सरपर्यंत पाणीच उरलेलं नसतं. इंजिन त्याच क्षणी बंद करावं.

पुढचा शोध गार इंजिनावर, आणि टॉर्च घेऊन. खाली थेंब दिसत नाहीत म्हणून गळती नाही, असं धरून चालू नये. गरम ब्लॉकवर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोहोचतच नाही, जागच्या जागी वाळतो. पण वाळताना खूण सोडतो: होजच्या क्लिपजवळ पांढरट पापुद्रा, कूलंट असेल तर हिरवट पट्टा. वॉटर बॉडीच्या पोटाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावं, यासाठी ते असतं. त्या भोकाखाली गंजाचा ओघळ दिसला की पंखा हाताने पुढेमागे हलवून बघायचा. खुळखुळला तर पंपाचं आयुष्य संपलं. ब्लॉकच्या कडेला बसवलेले पत्र्याचे गोल डमी आतून गंजत येतात. त्यातला एखादा मॅनिफोल्डच्या आड असतो, आणि नेमका तोच पाझरतो. एवढं करूनही काही दिसलं नाही तर प्रेशर टेस्टर लावायचा. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप बसवून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरायची आणि दहा-पंधरा मिनिटं काट्याकडे बघत राहायचं. काटा उतरला तर गळती आहेच, आणि दाबामुळे ती बहुतेक वेळा स्वतःच शिट्टी किंवा थेंब देऊन जागा सांगते.

रेडिएटरचं हे झाकण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. प्रेशर कुकरमध्ये पाणी शंभर अंशांपुढे जाऊनही उकळत नाही, तसाच इथला हिशोब: दर एक पौंड दाबामागे उकळबिंदू साधारण दीड अंशाने वर सरकतो. उंचीवर तो उलटा सरकतो. महाबळेश्वरला उघड्या भांड्यातलं पाणी 95-96 अंशांनाच उकळतं. झाकणाची स्प्रिंग थकली, रबर चिरलं, की इंजिनात काही बिघाड नसताना घाटमाथ्यावर पाणी बाहेर फेकलं जातं. इंजिन गरम असताना मात्र या झाकणाला हात लावायचा नाही. दाब सुटताच पाण्याची क्षणात वाफ होते आणि हात-तोंड भाजतं.

थर्मोस्टॅट काढून फेकून देण्याची जी रीत आपल्या गॅरेजांत रुजली आहे, ती बंद व्हायला हवी. त्यातलं मेण बहुतेक गाड्यांत 80 अंशांच्या पुढे वितळून फुगतं आणि झडप उघडतं. झडपच नसेल तर इंजिन गारठलेलंच धावतं, पेट्रोल जास्त पितं, सिलिंडर लवकर झिजतात, आणि मूळ रोग झाकला जातो. पातेल्यात पाणी, त्यात तारेने लोंबकळता ठेवलेला थर्मोस्टॅट आणि एक थर्मामीटर, एवढ्यात त्याची परीक्षा होते. उकळत्या पाण्यातही तो मिटलेला राहिला तर नवा घ्यावा.

जाळी तुंबलेली असेल तर तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरला अजून इलाज आहे. कारागीर वरची टाकी डाग सोडवून काढतो, एकेका नळीतून पातळ पट्टी घालून क्षार खरवडतो आणि टाकी पुन्हा डाग देऊन बसवतो. प्लॅस्टिकच्या टाकीच्या नव्या रेडिएटरचं असं काही करता येत नाही. पण बोअरचं जड पाणी ओतणं चालू ठेवलं तर नळ्या खरवडण्याचं हे काम (रॉडिंग) पुन्हा करावं लागणारच. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे घातले तर गंज, क्षार आणि उकळणं, तिन्ही आटोक्यात राहतात.

बाहेर कुठेच गळती नाही आणि पाणी तरीही कमी होतं, तेव्हा ते इंजिनाच्या आत जातं आहे. हेड गॅस्केटचा संशय इथे घ्यायचा, त्याआधी नाही. गाडी गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधट चिकट थर धरतो. गार इंजिन सुरू करताच वरचा होज दगडासारखा टणक होतो, कारण सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतो आहे. पक्कं करायला निळ्या रसायनाची नळी रेडिएटरच्या तोंडावर धरतात. वर येणाऱ्या हवेत कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग पिवळा पडतो. पण फक्त दुधट थरावरून हेड उघडायला लावू नये. पावसाळ्यात रोज थोडंसंच अंतर चालणाऱ्या गाडीत साध्या दमटपणानेही तो धरतो.

हेड उतरवलं की ते वाकलं आहे का हे कळायला त्यावर सरळ पट्टी उभी धरून खालून फीलर गेज सरकवून बघतात. अ‍ॅल्युमिनियम बिडापेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून एकदा सणकून तापलेलं हेड वाकतं, आणि तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतलं तर त्याला तडाही जातो. वाकलेलं हेड घासून सपाट (फेसिंग) न करता नुसतं गॅस्केट बदललं तर तेही थोड्याच दिवसांत जातं. बसवताना बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, ठरलेल्या क्रमाने आणि टॉर्क रेंचनेच आवळायचे. पाणी भरताना गाडीचं नाक उंचावर ठेवायचं म्हणजे आत हवा अडकत नाही. एक फेरी मारून रात्रभर गार होऊ द्यायची आणि सकाळी पातळी बघायची. हवा निघून गेल्याने पहिल्या दिवशी ती थोडी उतरते. ती भरून काढल्यावर आठवडाभर तिथेच टिकली, तर गाडी घाटात न्यायला हरकत नाही.