संपर्क तुटला तरी हिशेब तुटू नये

उमरखेड तालुक्यातील पैनगंगेलगतचा जंगलव्याप्त प्रदेश 'बंदी भाग' या नावाने सर्वपरिचित आहे. पैनगंगा अभयारण्याच्या या परिसरातील गावे व तांडे विखुरलेले असून रस्ते बिकट आहेत. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला म्हणजे ढाणकी किंवा उमरखेडची वाट अडते, आणि मोबाईल फोनचा संपर्क उघाडीच्या दिवसांतही सर्वत्र सारखा मिळत नाही. उलटपक्षी शेतकऱ्याचा बहुतेक पैसा आता बँकेच्या खात्यातूनच येतो. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधान-किसान योजनेचा सोळावा हप्ता यवतमाळ येथील कार्यक्रमातूनच देशभरच्या शेतकऱ्यांच्या खात्यांत जमा करण्यात आला. यवतमाळहून देशाच्या टोकापर्यंत पैसा क्षणार्धात पोचला. परंतु त्याच जिल्ह्यातील जंगलकाठच्या गावात हा पैसा खात्यातून निघून हाती पडावा म्हणून शेतकऱ्याला पुष्कळदा एका दिवसाची मजुरी आणि जाण्यायेण्याचे भाडे खर्ची घालावे लागते.

हा खर्च उपेक्षणीय नाही. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. हमीभावाने विकलेल्या कापसाचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. ज्याला वेचणीची मजुरी आठवडी बाजारापूर्वी चुकती करावयाची आहे आणि खात्यातून पैसे काढण्याची खात्री नाही, तो शेतकरी कमी भाव पत्करून घरच्या घरी 'खेडा खरेदी'ला माल देतो. म्हणजे संपर्काच्या अभावाची किंमत कापसाच्या भावातही मोजावी लागते. यास्तव ज्या गावी संपर्क अपुरा आहे, तेथे पैशांची देवघेव कोणत्या रीतीने करावी व हिशेब कसा सुरक्षित राखावा, याचे ज्ञान प्रत्येक शेतकऱ्यास आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यास असणे अगत्याचे आहे.

मनिऑर्डरपासून अंगठ्यापर्यंत

दूरच्या गावी पैसा पोचविण्याचा प्रश्न नवा नाही. १८८० साली टपाल खात्याने मनिऑर्डर सुरू केली आणि २०१५ पर्यंत ती जुन्या स्वरूपात चालू होती. तिचे दोन गुण होते : पोस्टमन पैसे घरी आणून देई, आणि सहीची पावती मागे राही. विलंब लागे, पण पैसा कोठे आहे याचा कागद असे.

आजची व्यवस्था वेगवान आहे. रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये बँकांना गावोगाव प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली; त्यांनाच आपण 'बँक मित्र' म्हणतो. आधार क्रमांकाच्या वाटपाचा प्रारंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे झाला. २०१४ मध्ये जनधन खाती निघाली, तर १ सप्टेंबर २०१८ रोजी टपाल खात्याची पेमेंट्स बँक सुरू होऊन पोस्टमनच्या हाती बोटाचा ठसा घेणारे यंत्र आले. त्यामुळे पोस्टमन पुन्हा एकदा दारी पैसे देऊ शकतो. मात्र मनिऑर्डरला पायवाट पुरत असे. या यंत्राला मोबाईलचे जाळे लागते. जाळे मध्येच तुटले तर पैसा कोठे आहे हे डोळ्यांना दिसत नाही, आणि खरी अडचण येथूनच सुरू होते.

तुटते ते नेमके काय?

'नेटवर्क नाही' या दोन शब्दांत तीन निरनिराळ्या अवस्था मिसळलेल्या असतात. पहिली, फोनवर बोलता येते, परंतु इंटरनेट चालत नाही. दुसरी, बोलणेही होत नाही. तिसरी, जाळे ठीक असते, पण बँकेची मध्यवर्ती यंत्रणा उत्तर देत नाही. प्रत्येक अवस्थेचा उपाय वेगळा आहे. विहिरीला पाणी नाही, मोटार जळली की वीज नाही, हे पाहिल्यावाचून जसा पंपाचा उपाय करता येत नाही, तसेच हे होय.

इंटरनेट नाही, पण बोलणे होते

या अवस्थेत साधा, बटणांचा फोनही उपयोगी पडतो. खात्याशी जोडलेल्या क्रमांकावरून *९९# लावल्यास पडद्यावर यादी येते. तीतून शिल्लक पाहता येते व एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत रक्कम पाठविता येते. मात्र प्रत्येक कंपनीच्या सिमवर ही सोय चालतेच असे नाही. म्हणून गरज पडण्यापूर्वीच ती करून पाहावी. ८ मार्च २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी 'यूपीआय १२३पे' ही सेवा सुरू केली. तीत ठरावीक क्रमांकावर फोन करून, सूचना ऐकून, बटणे दाबून पैसे देता येतात. दोन्ही मार्गांसाठी गुप्त पिन अगोदर तयार असावा लागतो. हे काम बाजारच्या दिवशी बँकेच्या शाखेत जाऊन उरकून घ्यावे. या सेवांची माहिती १४४३१ या क्रमांकावर मिळते. हा क्रमांक कार्यालयाच्या फलकावर लिहून ठेवावा.

इंटरनेटवाचून मोबाईलने पैसे धाडण्याची कल्पना आफ्रिकेतील केनिया देशात २००७ पासून 'एम-पेसा' या नावाने रुजली आहे. तेथील खेडुतांनी साध्या फोनवरच ती आत्मसात केली. तेव्हा भारी फोन नसणे हा अडथळा मानण्याचे कारण नाही.

मुळीच संपर्क नसेल तर

या बाबतीत एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. 'यूपीआय लाइट' म्हणजे संपर्काशिवाय चालणारी सोय, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तीत बँकेच्या मध्यवर्ती यंत्रणेला दर वेळी विचारावे लागत नाही. म्हणून वर सांगितलेल्या तिसऱ्या अवस्थेत ती फार उपयोगी ठरते. परंतु फोनला इंटरनेट लागतेच. डिसेंबर २०२४ मध्ये तिची मर्यादा एका व्यवहाराला १,००० रुपये व एकूण शिल्लक ५,००० रुपये अशी वाढविण्यात आली. खरोखर संपर्काविना चालणारी 'लाइट एक्स' ही सोय २०२३ मध्ये आली. तीत दोन फोन एकमेकांजवळ धरून रक्कम देतात. मात्र देणारा व घेणारा अशा दोघांच्याही फोनमध्ये ती सुविधा असावी लागते.

या दोन्ही प्रकारांत पिन लागत नाही. अर्थात फोन हरवला तर त्यात भरलेली रक्कम खिशातून पडलेल्या नोटांप्रमाणेच गेली असे समजावे. म्हणून बाजारापुरतीच रक्कम भरावी आणि फोनला कुलूप-संकेत लावावा.

पूरपरिस्थितीत यांपैकी काहीच चालत नाही, हेही ध्यानात घ्यावे. २२ जुलै २०२३ रोजी शेजारच्या महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा पुराने वेढला गेला होता. अशा वेळी वीजही जाते आणि मनोरेही बंद पडतात. सबब मृगापूर्वीच आठवडा-दोन आठवड्यांच्या खर्चाइतकी रोकड घरात राखणे हे मागासलेपणाचे नसून दूरदृष्टीचे लक्षण होय.

अंगठ्याचा व्यवहार

बँक मित्राकडे किंवा पोस्टमनकडे पैसे काढताना ग्राहकाला फोनही लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचे नाव व बोटाचा ठसा एवढे पुरते. त्यामुळे वृद्ध व निरक्षर माणसांना हाच मार्ग सर्वांत सोयीचा आहे. येथे दोन अडचणी वारंवार उद्भवतात.

पहिली अडचण ठशाची. निंदणी, वेचणी व मातीकाम यांमुळे बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्र ठसा नाकारते. हात स्वच्छ धुऊन, कोरडे करून दुसरे बोट लावून पाहावे. कोणते बोट उत्तम उमटते हे एकदा ठरले की ते लक्षात ठेवावे. ठसा मुळीच जुळत नसेल तर आधार केंद्रात तो अद्ययावत करून घ्यावा. काही बँकांनी चेहरा ओळखून पैसे देण्याची सोयही केली आहे.

दुसरी अडचण खात्याची. एकाच शेतकऱ्याची दोन-तीन खाती असतात. योजनेचा पैसा मात्र आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यातच पडतो. शेतकरी जुन्या खात्यात शोध घेतो आणि हप्ता आला नाही असे समजून हताश होतो. आधार कोणत्या बँकेशी जोडले आहे याची चौकशी करून ते नाव पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्यास व्यर्थ हेलपाटे वाचतात.

उत्तर न आल्यास काय करावे?

असे समजा की, एका शेतकऱ्याने १० जून रोजी सोयाबीनच्या बियाण्यासाठी २,००० रुपये काढण्याकरिता अंगठा लावला. यंत्र फिरत राहिले, मग बंद पडले. पैसे हाती आले नाहीत. अशा वेळी 'पुन्हा अंगठा लावा' असे सहज सांगितले जाते, आणि तेथेच चूक होते. पहिला व्यवहार बँकेत पोचला असेल तर दुसऱ्या अंगठ्याने रक्कम दोनदा वजा होऊ शकते. म्हणून थांबावे. जाळे परत आल्यावर प्रथम शिल्लक किंवा अलीकडच्या व्यवहारांची यादी पाहावी. रक्कम वजा झाली नसेल तरच पुन्हा व्यवहार करावा.

रक्कम वजा झाली असेल तर घाबरण्याचे कारण नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये घालून दिलेल्या नियमांप्रमाणे, यंत्राने पैसे न देता खात्यातून वजा झालेली रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत परत जमा झाली पाहिजे. वरील उदाहरणात ही मुदत १५ जूनला संपते. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने, ग्राहकाने मागणी केली नाही तरी, खात्यात जमा करावयाची आहे. एका फोनवरून दुसऱ्याच्या खात्यात धाडलेली रक्कम वजा झाली, पण पोचली नाही, तर ही मुदत केवळ १ दिवसाची आहे. दुकानदाराला दिलेल्या रकमेबाबत ती ५ दिवसांची आहे. हा शेतकऱ्याचा हक्क आहे, बँकेची मेहेरबानी नव्हे. परंतु हक्क सांगण्यासाठी कागद लागतो. व्यवहार फसला तरी त्याची पावती मागून घ्यावी. तीवरील व्यवहार क्रमांक, तारीख व वेळ हीच तक्रारीची चावी होय. पावती निघत नसेल तर या गोष्टी वहीत लिहून घेऊन बँक मित्राची सही घ्यावी.

दुकानदार व ग्राहक

ठाणे जिल्ह्यातील धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले आणि तेथील दुकानांत कार्डाची यंत्रे बसली. यंत्र बसविणे सोपे असते. ते रोज चालेल इतका संपर्क व विश्वास राखणे कठीण असते.

कृषी सेवा केंद्रात किंवा किराणा दुकानात ग्राहकाच्या फोनवर 'पैसे गेले' असे दिसते, पण दुकानदाराच्या फोनवर काही येत नाही. रक्कम आल्याची घोषणा करणारी पेटीदेखील तिचे स्वतःचे जाळे तुटले की मुकी होते. अशा प्रसंगी वादापेक्षा वही बरी. दोघांनी तारीख, वेळ, रक्कम व व्यवहार क्रमांक लिहावा. ओळखीचा ग्राहक असल्यास माल देऊन रक्कम तात्पुरती उधार मांडावी, आणि पैसे आल्याची खात्री होताच ती नोंद खोडावी. मात्र दुकानदाराने ग्राहकाच्या पडद्यावर विसंबू नये. स्वतःच्या खात्यातील जमा हाच पुरावा मानावा.

फसवणुकीपासून सावधगिरी

पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पैसे जमा करतो म्हणून पिन टाकावयास सांगणारा इसम ठक समजावा. अंगठा लावण्यापूर्वी यंत्रावर किती रक्कम लिहिली आहे ते स्वतः पाहावे किंवा घरातील शिकलेल्या मुलामुलीकडून वाचून घ्यावे. कोणी 'केवळ तपासणीसाठी' अंगठा मागितल्यास देऊ नये. जे या मार्गाने पैसे काढीत नाहीत, त्यांनी आधारमधील बोटांच्या ठशांचा वापर बंद करून ठेवावा. गरज पडल्यास तो पुन्हा उघडता येतो. फसवणूक झालीच तर तत्काळ १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावे. जितका विलंब, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी करावयाची कामे

१. गावात कोणत्या ठिकाणी व कोणत्या वेळी संपर्क मिळतो ते पाहून त्याची नोंद चावडीवर लावावी. बँक मित्राला व पोस्टमनला तीच जागा व वेळ ठरवून द्यावी.

२. हप्ता जमा होण्यापूर्वी प्रत्येक खातेदाराच्या आधार-जोडणीची बँक विचारून यादी करावी.

३. पेरणीपूर्वी एका सभेत *९९# चे प्रात्यक्षिक, प्रत्येकाच्या स्वतःच्या सिमवर, करून दाखवावे. पिन मात्र कोणाचाही पाहू नये.

४. फसलेल्या व्यवहारांची वही ठेवावी. तीत व्यवहाराची तारीख व पैसे परत येण्याची मुदत शेजारी शेजारी लिहावी. मुदत टळताच खातेदारासह बँकेत लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी.

५. पावतीवर नसलेली कोणतीही रक्कम सेवेबद्दल देऊ नये, असे लोकांस समजावून सांगावे.

संपर्क नसलेल्या गावांपर्यंत मोबाईलचे जाळे नेण्यासाठी केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आहे. मनोरे उभे राहतील. परंतु मनोरा उभा राहिला म्हणजे हिशेब आपोआप चोख होत नाही. ज्या गावात पावती मागण्याची, वहीत लिहिण्याची व उत्तर येईपर्यंत थांबण्याची सवय आज लागेल, त्या गावाचा पैसा जाळे तुटले तरी हरवणार नाही. येत्या मृगापूर्वी बंदी भागातील प्रत्येक गावी अशी एक वही सुरू व्हावी. तिला खर्च एका पेन्सिलीचा आहे. आणि तिच्या आधारे परत मिळणारे दोन हजार रुपये हे कोणाच्या तरी शिवारातील वेळेवर झालेली पेरणी ठरणार आहेत.