ओहोटीच्या पाण्यातले शिपाई

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच ओहोटीच्या वेळी मोरा बंदराजवळ येते, तेव्हा तांडेलाची दृष्टी धक्क्यापेक्षा पाण्याच्या रंगावर अधिक खिळलेली असते. कारण गाळाने उथळ झालेल्या त्या किनाऱ्याशी किती पाणी शिल्लक आहे, याचा पहिला निवाडा रंगावरूनच करावा लागतो. इंजिनाचा वेग उतरतो, नाळेवरचा खलाशी बांबूने तळ चाचपून हात वर करतो, आणि सुकाणू किंचित वळते. धक्क्याशी लागताच दुसरा खलाशी उडी घेऊन दोर खुंटाला घालतो, पण तो ताठ बांधीत नाही. पाणी उतरेल तसा दोर सैल करीत राहावे लागते, आणि उतारूंची चढउतार संपेपर्यंत त्याचा हात दोरावरून निघत नाही.

मराठी आरमाराच्या इतिहासातील खांदेरीचे प्रकरण मला या कामाकडे पाहताना जितके उलगडले, तितके लढायांच्या वर्णनांतून उलगडले नव्हते. मुंबई बंदराच्या मुखाशी असलेल्या या बेटावर शिवाजी महाराजांनी 1679 च्या पावसाळ्याअखेर तटबंदीचे काम सुरू करविले, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी ‘रिव्हेंज’, ‘हंटर’ आदी जहाजे पाठवून बेटाची नाकेबंदी केली. इंग्रजांचा लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरू पाहताना मारला गेला. पुढे 18 ऑक्टोबरला मराठी गलबतांनी अकस्मात हल्ला करून ‘डव्ह’ हे जहाज पकडले. मात्र कॅप्टन केग्विनच्या ‘रिव्हेंज’ने तोफा चालवून उरलेल्या गलबतांना मागे हटविले. त्या दिवशी मराठ्यांचा निर्विवाद जय झाला, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

खरी झुंज चालली ती रात्रीच्या काळोखात. गलबत आकाराने लहान, तळाने उथळ, आणि वारा पडला तरी चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारे. इंग्रजांची मोठी जहाजे वाऱ्यावाचून जागच्या जागी खोळंबत, आणि बेटासमोरील थळच्या किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात शिरणे त्यांना धोक्याचे असे. नेमक्या त्याच पाण्यातून रसद, दारूगोळा आणि माणसे बेटावर पोचत राहिली. दौलतखान, मायनाक भंडारी या आरमारी सरदारांची नावे इतिहासाने राखली. पण भरतीची वेळ हेरून, तोफांच्या टप्प्यातून दगडधोंडे वाहणाऱ्या वल्हेकऱ्यांची नावे कोणत्या दप्तरात शोधावी? आरमारात कोळी होते, भंडारी होते, मुसलमान दर्यावर्दी होते, आणि खाडीच्या मुखाशी पाणी कोठे फसवते, हे ज्ञान त्यांनी बापाच्या होडीत मिळविलेले होते. याच सुमारास महाराजांची फौज पनवेलकडे येऊन मुंबईवर उतरणार, अशी धास्ती इंग्रजांना पडली होती. तेव्हा लढ्याची सावली मोऱ्याच्या या खाडीपर्यंतही आली होती.

अशा माणसांच्या पोटापाण्याचा विचार राज्यकर्त्यांनी केला होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. आरमाराचा तनखा मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा, समुद्रावरील पैदास्तीवर तो सोपवू नये, कारण तसे केल्यास सावकारांना उपद्रव होऊन बंदरांचा व्यापार बुडतो, असा त्यांचा दंडक आहे. तनख्याची हमी नसलेला खलाशी लुटीकडे वळतो, हे त्यांनी ओळखले होते.

खांदेरीच्या झुंजीचा शेवट सांगायचा तर, इंग्रजांनी 1680 च्या प्रारंभी तडजोड करून नाकेबंदी उठविली, आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.