ठिबक किती तास? आधी क्षारता मोजा

खाऱ्या पाण्याच्या टाकीत नवा तारामासा, कोळंबी किंवा गोगलगाय सोडताना बहुतेक सल्ले एकाच प्रश्नाभोवती फिरतात: वेळ किती द्यायचा? कोणी पिशवी पंधरा मिनिटे तरंगत ठेवायला सांगतो, कोणी चार तास ठिबक लावायला. दोघांचेही लक्ष घड्याळावर असते आणि माझ्या मते चूक तिथेच होते. पिशवीतल्या आणि टाकीतल्या पाण्याच्या क्षारतेत किती अंतर आहे, यावर त्या जिवाचे बरेच भवितव्य ठरते. वेळ त्या अंतरावरून काढायचा असतो, आणि अंतर मोजल्याशिवाय कळत नाही.

पिशवी तरंगत ठेवली की प्राण्याला पाण्याची सवय होते, हा सर्वांत जुना गैरसमज. प्लॅस्टिकमधून उष्णता आत-बाहेर जाते, मीठ जात नाही. तरंगवण्याने तापमान जुळते, एवढेच. माशांच्या बाबतीत ही ढिलाई पुष्कळदा खपून जाते, कारण समुद्री माशाच्या शरीरातले द्रव समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांशच खारट असतात. मासा समुद्राचे पाणी पितो, जादा क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो आणि आतला समतोल स्वतः राखतो. तारामासा आणि सी अर्चिन यांच्याकडे अशी यंत्रणाच नाही. त्यांच्या शरीरातला द्रव जवळजवळ भोवतालच्या समुद्राइतकाच खारट असतो आणि बाहेरची क्षारता बदलली की आतलीही बदलते. क्षारता एकदम वाढली तर पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते, एकदम घटली तर पेशी फुगतात. माशावरून बांधलेला अंदाज इथे लागू पडत नाही.

‘टाकीत सोडला तेव्हा तर चांगला फिरत होता,’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. तारामासा धक्का लागताच मरत नाही, हेच फसवे आहे. कित्येकदा काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी, त्याची त्वचा विरू लागते, एखादा बाहू गळतो, आणि तोवर दोष खाद्याला किंवा टाकीतल्या एखाद्या माशाला दिला गेलेला असतो. अर्थात, नव्या टाकीत तारामासे उपाशीही मरतात. प्रत्येक मृत्यू क्षारतेमुळे होतो असे नाही. पण क्षारतेचे अंतर किती मोठे असू शकते ते पाहा. समुद्राची क्षारता दर हजार भागांना सुमारे 35 भाग, म्हणजे विशिष्ट गुरुत्व 1.026 च्या आसपास. अनेक दुकाने माशांच्या टाक्यांत ते मुद्दाम 1.020 पर्यंत उतरवतात: मीठ कमी लागते आणि काही परजीवींचा जोरही कमी होतो. म्हणजे पिशवीत 27 च्या आसपास आणि घरी 35. तरंगता काटा असलेल्या स्वस्त हायड्रोमीटरवर विसंबण्यातही धोका आहे, कारण काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले की तो वर उचलला जातो आणि क्षारता आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा आणि 35 भागांच्या प्रमाणित द्रावणाने तो अधूनमधून तपासावा.

आता दुसरे टोक: ‘जितके हळू तितके चांगले.’ दुकानातून अर्ध्या तासात घरी आलेल्या जिवाला हे बहुधा चालते. रात्रभराचा प्रवास करून आलेल्या पिशवीला चालत नाही. बंद पिशवीत प्राण्याच्या श्वसनाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो, आणि त्याच वेळी मलमूत्रातून अमोनियाही साठतो. पीएच कमी असेतो त्यातला बहुतेक भाग अमोनियम या कमी घातक रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जाऊ लागतो आणि पीएच चढतो. पीएच एक अंकाने चढला तर विषारी अमोनियाचा वाटा सुमारे दहा पट होतो. त्यात टाकीचे 8.2 पीएचचे पाणी थेंबथेंब पडत राहते. काळजी म्हणून लावलेली चार तासांची ठिबक अशा वेळी जिवाला विषातच ठेवते. यावर उपाय आहे. पिशवी उघडताच क्षारता मोजावी, त्याच क्षारतेचे आणि तापमानाचे स्वच्छ समुद्री पाणी वेगळ्या भांड्यात तयार करावे, प्राणी लगेच त्यात घ्यावा आणि मग टाकीच्या पाण्याची ठिबक लावावी. अंतर एखाद्या भागाचे असेल तर थोडा वेळ पुरतो. सात-आठ भागांचे असेल तर काही तास द्यावेत, भांड्यात हवा सोडावी आणि पाणी गार होऊ देऊ नये.

कोकणच्या खाड्यांत पावसाळ्यात क्षारता किती उतरते, तरी कालवे आणि खेकडे जगतातच ना, असाही प्रश्न येतो. जगतात, कारण कालव शिंपले घट्ट मिटून वाईट काळ काढते आणि खाडीतला खेकडा शरीरातले क्षार बऱ्याच अंशी सांभाळतो. प्रवाळखडकांवरचा तारामासा जवळजवळ स्थिर क्षारतेत वाढलेला असतो, त्याला ही सोय नाही. काहीच न करता थेट टाकीत सोडलेले जीव जगल्याची उदाहरणेही खरी आहेत, पण ती माझ्याच म्हणण्याला बळ देतात: दोन्हीकडची क्षारता सारखी असेल तर जुळवायला तापमानाखेरीज फारसे उरत नाही.

पिशवीतले पाणी मात्र कधीही टाकीत ओतू नये. अमोनिया तर त्यात असतोच, शिवाय माशांच्या रोगांवर दुकानात तांब्याचे औषध वापरलेले असू शकते. माशाला सोसणारी तांब्याची मात्रा गोगलगायी आणि कोळंबीला मारते. आणि भारतात राहणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की प्रवाळ आणि समुद्रकाकडी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत; ते विकत घेऊ नयेत आणि किनाऱ्यावरून उचलूनही आणू नयेत. बाकीचे जीव घेताना दुकानदाराला दोन प्रश्न जरूर विचारा: तुमच्या पाण्याची क्षारता किती, आणि या टाकीत तांबे कधी घातले होते का? उत्तर मिळाले नाही तर तिथून तारामासा घेऊ नका.