पान वर वळले की खाली? : विस्तारकार्यात आणि विक्रीत प्रश्नमंजुषेचा उपयोग

उमरेड व भिवापूर हा भाग मिरचीसाठी पूर्वापार ओळखला जातो. या भागात मिरचीची पाने आकसू लागली की बहुतेकांच्या तोंडी एकच शब्द येतो : बोकड्या. शब्द एक असला तरी कारणे मात्र निरनिराळी आहेत. पानाच्या कडा वरच्या बाजूस वळून पान द्रोणासारखे झाले असेल, तर ते बहुधा फुलकिड्यांचे काम असते. कडा खालच्या बाजूस वळून पान पालथ्या द्रोणासारखे दिसत असेल आणि देठ लांबला असेल, तर कोळ्याचा संशय घ्यावा. याखेरीज पांढऱ्या माशीमुळे पसरणारा विषाणूजन्य चुरडा-मुरडा हा तिसरा प्रकार आहेच. कोळी हा आठ पायांचा जीव असून तो कीटकांच्या वर्गात मोडत नाही. त्यामुळे अनेक कीटकनाशकांचा त्याच्यावर परिणाम होत नाही. उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात व कोळी अधिकच फोफावतो. फवारणीचा खर्च, मजुरी आणि हंगामातले मोलाचे आठ दिवस एका चुकीच्या बाटलीपायी वाया जातात.

ही माहिती गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर अनेकदा पाठविली जाते, आणि तितक्याच वेळा ती न वाचता पुढे सरकविली जाते. आता हीच माहिती प्रश्नरूपाने द्यावी. गावातल्याच शेतातील आकसलेल्या पानाचे स्पष्ट छायाचित्र घ्यावे आणि खाली एवढेच विचारावे : "हे पान कोणी वळविले? फुलकिडे, कोळी की विषाणू?" ज्याने उत्तर दिले तो खरे उत्तर काय हे पाहण्यासाठी परत येतो. ज्याचे चुकले तो तर ते सहसा विसरत नाही. दुकानदार, औषध कंपन्या व वृत्तपत्रे समाजमाध्यमांवर प्रश्नमंजुषा चालवितात त्यामागे हेच मर्म आहे. ते आपल्या कामी का लावू नये?

ही कल्पना आपल्याकडे अगदीच नवी नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत सुमारे १५० गावांमध्ये शेतकऱ्यांची श्रवणमंडळे स्थापून एक प्रयोग केला. वीस कार्यक्रम झाले. मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. सभासदांना प्रयोगापूर्वी व नंतर प्रश्न विचारून ज्ञानात किती भर पडली हे मोजण्यात आले. जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, त्या गावांच्या मानाने मंडळांच्या गावांत ही भर कितीतरी अधिक दिसून आली. नुसते ऐकविल्याने फारसे घडत नाही, विचारल्याने व बोलते केल्याने घडते, हे तेव्हाच सिद्ध झाले होते.

शेतीशाळेतील मतपेटी-चाचणी हा याच जातीचा प्रकार होय. शेतातच ठिकठिकाणी फलक लावतात. प्रत्येक फलकाशी खराखुरा नमुना असतो : पोखरलेले बोंड, एखादा किडा, आकसलेली फांदी. खाली तीन पर्याय व तीन डबे. शेतकरी आपल्या क्रमांकाची चिठ्ठी योग्य वाटेल त्या डब्यात टाकून पुढे जातो. या पद्धतीत दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे प्रश्न पुस्तकातून काढलेला नसून झाडावरून काढलेला असतो. दुसरी म्हणजे कोणाचे चुकले हे शेजाऱ्यास कळत नाही.

ही दुसरी गोष्ट मोबाइलवर हमखास विसरली जाते. व्हॉट्सॲपवरील मतचाचणीची सोय २०२२ च्या अखेरीस आली. ती सोपी आहे, परंतु तीत कोणी कोणते उत्तर दिले ते सामान्यतः नावासह सगळ्या गटाला दिसते. मग घडते असे की, गावातील जाणत्या बागायतदाराने जो पर्याय निवडला त्यावरच पुढच्या सर्वांची बोटे पडतात, आणि ज्याला खरोखर माहीत नाही तो गप्प राहतो. यावर उपाय आहेत. टेलिग्रामवरील मतचाचणीत नावे झाकता येतात आणि प्रश्नमंजुषेच्या प्रकारात उत्तरासोबत खुलासाही देता येतो. गूगल फॉर्म वापरल्यास चुकलेल्या उत्तराखाली दोन ओळींचे स्पष्टीकरण ठेवता येते. हे काहीच जमत नसेल, तर उत्तर गटावर न देता थेट कार्यकर्त्याच्या क्रमांकावर पाठविण्यास सांगावे. ज्या घरात फोन पुरुषांच्याच खिशात असतो, तेथील स्त्रियांसाठी बचतगटाच्या बैठकीत तोच प्रश्न मोठ्याने वाचावा. निंदणी व मिरचीची तोडणी बहुधा त्यांच्याच हातून होते, त्यामुळे पान प्रथम त्यांच्याच दृष्टीस पडते.

प्रश्न कोणता विचारावा? ज्याचे उत्तर येत्या आठवड्यातील कामास लागेल, आणि शेतकऱ्यास स्वतःच्या हाताने पडताळता येईल, असा. पेरणीपूर्वी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून त्यांपैकी निदान किती उगवले तर ते बियाणे पेरणीस योग्य मानावे? (सत्तर.) पेरणीसाठी किती पाऊस व्हावा लागतो? (७५ ते १०० मिलिमीटर.) औषधाच्या डब्यावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा यांपैकी कोणता त्रिकोण सर्वांत अधिक विषारी? (लाल.) हा शेवटचा प्रश्न दरवर्षी विचारावा. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. राष्ट्रीय पक्षी कोणता, असले प्रश्न शाळेस सोपवावेत. "सर्वांत चांगले औषध कोणते?" हा प्रश्न तर विचारूच नये. त्याने प्रश्नमंजुषेची जाहिरात होते.

आता विक्रीविषयी. भिवापुरी मिरचीला भौगोलिक संकेतांकन लाभले आहे. तथापि शहरातील ग्राहकाला तेवढ्याने तिची ओळख पटत नाही. तो रंग पाहून तिखट घेतो. मिरचीपूड विकणाऱ्या बचतगटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने केवळ 'शुद्ध, घरगुती' असे लिहिण्याऐवजी ग्राहकांच्या गटावर विचारावे : "जितके लाल तितके तिखट, हे खरे की खोटे?" उत्तर खोटे आहे, कारण रंग देणारे द्रव्य वेगळे व तिखटपणा देणारे वेगळे. गडद लाल असूनही सौम्य असलेली ब्याडगी मिरची हे त्याचे उदाहरण. "तिखटपणा कोठे अधिक : बियांत, सालीत की बिया ज्यांना चिकटलेल्या असतात त्या आतल्या फिकट शिरांत?" बहुतेक जण बियांवर बोट ठेवतील, पण खरे उत्तर शिरांत असे आहे.

यानंतरचा प्रश्न सर्वांत मोलाचा. पेल्यातील पाण्यावर चिमूटभर पूड भुरभुरली आणि लगेच रंगाच्या रेघा खाली उतरू लागल्या, तर काय समजावे? कृत्रिम रंग मिसळला आहे असे. चमचाभर पूड पाण्यात टाकल्यावर तळाशी बसलेला गाळ बोटांत चोळून खरखरीत लागला, तर त्यात विटेची भुकटी किंवा वाळू असण्याचा संभव असतो. ग्राहक ही परीक्षा आपल्या स्वयंपाकघरात करतो, ती प्रथम आपल्याच पुड्यावर करतो, आणि पूड उतरली की शेजारणीला सांगतो. मात्र हा प्रश्न विचारण्यापूर्वी गटाने आपली प्रत्येक दळणाची पूड याच पेल्यात टाकून पाहिली पाहिजे. कांडप चक्कीत आधीच्या गिऱ्हाइकाचा माल शिल्लक राहतो, याची गटाला कल्पना नसते, पण पेल्याला असते.

बक्षिसाचा मोह आवरावा. बक्षीस ठेवले की उत्तरे वाढतात, पण ती बक्षिसासाठी येतात आणि एकाच घरातून पाच फोन उत्तर देऊ लागतात. द्यायचेच असेल तर पुढच्या हंगामाचे पाव किलो तिखट चिठ्ठी टाकून द्यावे. दुसरा धोका याहून मोठा आहे. "प्रश्नाचे उत्तर द्या व मोबाइल जिंका" अशा बनावट दुव्यांतून आधार क्रमांक, बँकेचा तपशील व ओटीपी काढून घेतले जातात. म्हणून आपल्या प्रश्नमंजुषेत नाव व गाव यांपलीकडे काहीही मागू नये, आणि तसे प्रारंभीच जाहीर करावे. कोणी फसले असेल तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

उत्तरे आल्यावर खरे काम सुरू होते. समजा, पानाच्या प्रश्नास ४० जणांनी उत्तर दिले आणि २५ जणांनी कोळ्याला फुलकिडे म्हटले. तो आकडा वहीत टिपून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भिंग घेऊन त्याच गावातील मिरचीच्या एखाद्या वावरात मंडळींना बोलवावे. पान उलटे करून भिंगाखाली धरावे आणि प्रत्येकाला पाहू द्यावे. महिन्याने तोच प्रश्न दुसऱ्या शेतातील पानाचे छायाचित्र घेऊन पुन्हा विचारावा, आणि नवा आकडा जुन्याच्या शेजारी लिहावा.