पालकांचे प्रोत्साहन आणि गणिताची निवड

मुलाची गणितातील प्रगती त्याची बुद्धी आणि शिक्षकाचे अध्यापनकौशल्य यांवर अवलंबून असते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु गणित हा विषय ऐच्छिक होताच, तो पुढे चालू ठेवावयाचा की सोडावयाचा, हा प्रश्न केवळ क्षमतेचा राहत नाही. जॅकलिन एक्लस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या अपेक्षा-मूल्य उपपत्तीनुसार, ‘हे मला जमेल काय?’ आणि ‘याचे मला मोल काय?’ या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर विद्यार्थ्याची निवड ठरते. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात पालकांचा वाटा किती, याची प्रायोगिक कसोटी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात घेण्यात आली.

ज्युडिथ हाराकिविझ प्रभृतींनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या संशोधनात १८८ विद्यार्थी व त्यांचे पालक समाविष्ट होते. यदृच्छ विभागणीने एका गटातील पालकांना, मुले दहावी-अकरावीत असताना, दोन माहितीपुस्तिका व एक संकेतस्थळ उपलब्ध करून दिले. गणित व विज्ञान यांचा दैनंदिन व्यवहाराशी आणि व्यवसायांशी असलेला संबंध मुलांना संभाषणातून कसा उलगडून दाखवावा, हा त्यांचा विषय होता. शाळांत कोणताच बदल केलेला नव्हता. तरीही या गटातील मुलांनी अखेरच्या दोन वर्षांत या विषयांचे सरासरीने जवळजवळ एका सत्राइतके अधिक शिक्षण घेतले.

क्रिस्टोफर रोझेक प्रभृतींच्या २०१७ मधील पाठपुराव्यात, महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेच्या गणित-विज्ञान विभागांत या मुलांचे गुणांकन १२ शततमकांनी उंचावल्याचे आढळले. ज्यांची अशी शालेय तयारी अधिक, त्यांचा पाच वर्षांनंतरचा ओढाही वैज्ञानिक व्यवसायांकडे अधिक होता. म्हणजेच व्यवसायावरील परिणाम प्रत्यक्ष नसून शालेय तयारीच्या द्वारे घडणारा आहे.

तथापि या उपायाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. २०१५ मधील विश्लेषणानुसार त्याचा लाभ मुख्यतः गणित-विज्ञानात पुढे असलेल्या मुलींना व मागे असलेल्या मुलांना झाला. मागे असलेल्या मुलींना तो झाला नाही. त्याच वर्षी एरिन मलोनी प्रभृतींनी पहिली-दुसरीच्या मुलांविषयी दाखविले की, गणिताची धास्ती असलेले पालक गृहपाठात वारंवार साहाय्य करीत, तेथे मुलांची प्रगती उलट कमी होई आणि त्यांच्यातही ती धास्ती वाढे.

यावरून प्रोत्साहन म्हणजे गृहपाठावरील देखरेख नव्हे, हे लक्षात येते. विषयाचे मोल पटविणारे संभाषण अल्प खर्चात पुष्कळ साधते. परंतु ‘हे मला जमेल काय?’ हा पहिला प्रश्न अनुत्तरित असेल, तर केवळ उपयुक्ततेचे विवेचन अपुरे पडणे संभवते. मागे पडलेल्या मुलींच्या बाबतीत पुढील संशोधनाने प्रथम हाच प्रश्न हाती घेणे अगत्याचे आहे.